स्तामेनाची हाक

१४ नोव्हेंबर १९३३, मंगळवार

ही वही विदाबाईंनी दिली. म्हणाल्या, "ओब्रादकाका, तुम्ही उजाडायच्या आधी येता, शेगडी पेटवता आणि खोली तापेपर्यंत भिंतीकडे बघत बसता. त्यापेक्षा चार ओळी लिहा."

मी म्हटलं, "काय लिहू बाई? आज लाकडं ओली होती, एवढंच?"

"तेच लिहा. ओली का होती तेही लिहा."

तर, आज लाकडं ओली होती. कारण काल ती पडवीत घ्यायला मी विसरलो.

मी या शाळेचा शिपाई. वय त्रेसष्ट. शाळेत पहिलं पाऊल टाकलं ते शिपाई म्हणूनच. अक्षरं शिकलो लढाईत, समुद्रापलीकडच्या इस्पितळात. खाटेसमोरच्या भिंतीवर जुनी वर्तमानपत्रं चिकटवलेली होती. पाय बरा व्हायला चार महिने लागले, तोवर अख्खी भिंत वाचून झाली. त्यामुळे माझं अक्षर छापील आहे आणि भाषा बातमीसारखी. विदाबाई म्हणतात, चालेल.

आता विदाबाईंबद्दल. त्या दोन नद्यांपलीकडच्या सपाट मुलखातल्या. प्रागला जाऊन गाणं शिकल्या. गायचं तर शिकल्याच, पण गाणं रचायचंही शिकल्या. पाच ओळी आखायच्या, त्यावर ठिपके द्यायचे, की त्यातून आवाज निघतो. मी हे डोळ्यांनी बघितलंय. त्या लिहितात आणि दुसऱ्या दिवशी पस्तीस पोरं ते गातात. आमच्या गावात बाईमाणसाने असं काही केल्याचं कुणाच्या आज्यानेही ऐकलं नसेल.

एकच काळजी आहे. त्यांच्या वर्गाला मंत्रालयाने तीन वर्षांची परवानगी दिली होती, ती सरत आलीय. पहिल्या फेब्रुवारीच्या आत बेलग्रेडचा कुणी तपासनीस येऊन वर्ग ऐकून सही करून गेला, तर वर्ग कायम. नाहीतर बाई परत जाणार आणि खोलीत नकाशे ठेवणार. हेडमास्तर स्वेतोझार म्हणाले, "येतील, येतील." मंत्रालयाचं माणूस आपण होऊन आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

मिल्याना नावाची एक पोर आहे, कातडी कमावणाऱ्यांची. तिचा आवाज म्हणजे वंगण न घातलेलं चाक. आधीच्या मास्तरांनी तिला नुसतं तोंड हलवायला सांगितलं होतं. विदाबाईंनी तिला शेगडीजवळ उभं केलं, हात चोळायला लावले, मग म्हणाल्या, "आता गा." चाक ते चाकच. बाई हसल्या नाहीत. कानाशी हात नेऊन म्हणाल्या, "हा आवाज माझ्याकडे नव्हता. बरं झालं सापडला." पोर दिवसभर फुललेली.

त्या म्हणतात, बेसूर पोर कुठेच नसतं, गारठलेलं असतं. म्हणून आधी माझी शेगडी आणि मग त्यांचं गाणं. हे त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. मी घरी जाताना नेहमीपेक्षा ताठ चाललो असेन.

दुपारी गिरणीवाले तिहोमीरशेठ आले. येत्या २७ जानेवारीला संत सावाचा दिवस. तो सगळ्या शाळांचा सण, शाळांची स्लावा, आणि यंदाचं यजमानपण शेठकडे. पाव त्यांचा, गव्हाचा प्रसादही त्यांचाच. त्यांनी विचारलं, पोरं काय गाणार. विदाबाई म्हणाल्या, "नवी रचना. माझी."

शेठ म्हणाले, "बाई, बेलग्रेडच्या एखाद्या नावाजलेल्या बुवांचं घ्या की! बाईच्या हातचं लोणचं लोक डोळे मिटून खातात, पण गाण्याचं..."

"मग डोळे मिटूनच ऐका, शेठ," विदाबाई म्हणाल्या.

मला हसू आवरेना, म्हणून मी लाकडं आणायला बाहेर पडलो. लाकडांची गरज नव्हती.

२ डिसेंबर, शनिवार

विदाबाई एकट्या पडल्यात असं वाटतं. मुलं गेल्यावर माझ्याशी बोलत बसतात. आज म्हणाल्या, "काका, पूल व्हायच्या आधी तुम्ही मोरावा नदीवर नाव चालवायचात ना?"

सांगितलं. दोरावरची नाव. या तीरापासून त्या तीरापर्यंत जाड दोर बांधलेला, तो हाताने ओढत जायचं. आमचं घर पलीकडे. जेवण झालं की माझी स्तामेना पलीकडून हाक द्यायची.

"कशी?"

आता हे काय विचारणं! पण विचारलं तर सांगितलं. "ओऽब्राऽऽद." पहिला तुकडा खाली, दुसरा वर चढायचा आणि शेवटी एकदम उतरायचा, भरलेली घागर पाण्यात सोडावी तसा. अठरा वर्षं झाली, पण घशाला आठवतं.

"पुन्हा एकदा?"

पुन्हा केली. त्या कागदावर काहीतरी खरडत होत्या, बाजारहाटाची यादी असेल. मग म्हणाल्या, "आणि तुम्ही काय ओ द्यायचात?"

"मी ओ देत नव्हतो. दोर ओढायला लागायचो. दोर करकरला की तिला कळायचं, निघाला म्हणून."

त्यांनी कागदाची घडी घातली. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या बडबडीला कंटाळल्या. नंतर म्हणाल्या, "स्तामेनाकाकू कधी गेल्या?"

पंधरा साली, तापाच्या साथीत. मी तेव्हा आघाडीवर. निघालो त्या दिवशी नाव दुसराच कुणी ओढत होता. ती पलीकडे उभी होती, तिने हाक दिली. मी चालत राहिलो. शिस्त होती.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. विदाबाईंना का सांगितलं कोण जाणे.

२० डिसेंबर, बुधवार

काल माझी स्लावा, म्हणजे आमच्या घराण्याच्या संताचा सण, संत निकोलाचा दिवस. पाय सुजलेत, पण मन भरलंय. सकाळी आठपासून सात वाजेपर्यंत उभा होतो. पाहुणे घरात असताना यजमानाने टेकायचं नाही. माझा बाप एका पायाने अधू होता, तोही टेकत नसे. उपासाचे दिवस, म्हणून मासे, घेवड्याची उसळ आणि मी घरी गाळलेली आलुबुखाराची दारू, राकिया.

एकवीस माणसं आली. एकालाही बोलावलं नव्हतं. स्लावेला बोलावतात का कुठे? ज्याला घर ठाऊक त्याला दिवस ठाऊक. बोलावणं धाडणं म्हणजे, तुला आमची आठवण नाही, असं तोंडावर सांगणं. आईबापांची नाचक्की.

विदाबाई आल्या. गव्हाचा प्रसाद घेताना क्रूसाची खूण करायला विसरल्या नाहीत, हे मी पाहिलं. म्हणाल्या, "काका, बसा की जरा." सगळे हसले. शेजारीण म्हणाली, "अहो, तो आज बसला तर पुढच्या वर्षी घर बसेल!"

बाईंना हे ठाऊक असणारच, पण प्रागला बरीच वर्षं काढली. तिकडे यजमानही बसत असतील.

२२ डिसेंबर, शुक्रवार

आज एक काम केलं. चांगलं केलं असं वाटतं. लिहून ठेवतो.

विदाबाईंनी एक पत्र टपालात टाकायला दिलं. पाकीट नीट चिकटलं नव्हतं. मी वाचलं. वाचायला नको होतं, पण भिंती वाचून शिकलेल्या माणसापुढे कागद आला की डोळे आपोआप चालायला लागतात. पत्ता बेलग्रेडचा, गल्ली आणि घर नंबरासह. नाव: वोयीन त्रनावाच. आत लिहिलेलं: "उन्हाळ्यात आपण म्हणालात, तुमचं काम ऐकायला आवडेल. २७ जानेवारीला आमच्या शाळेच्या स्लावेला मुलं माझी नवी रचना गातील. आपण जरूर यावं, असं सविनय निमंत्रण."

स्लावेचं निमंत्रण! लेखी! तेही एका तरुण बाईने परक्या पुरुषाच्या घरच्या पत्त्यावर! हे गावात कळलं तर तिहोमीरशेठ सणाचा पाव कापायच्या आधी बाईंची चामडी कापतील. आणि त्या गृहस्थाला तरी काय वाटेल? मनात असेल तर येईल, तारीख साऱ्या जगाला ठाऊक आहे. बोलावून आलेला पाहुणा कसला?

बाईंना सांगून दुखवावं असं वाटेना. पत्र या वहीच्या मागच्या पानात ठेवलंय. पोरीची अब्रू राहिली. घरात वडीलधारं माणूस नसलं की असं होतं, म्हणून आपण बघायचं.

२९ डिसेंबर, शुक्रवार

विदाबाईंनी विचारलं, "काका, बेलग्रेडचं टपाल?" मी म्हटलं, नाही. खरंच नव्हतं.

बिचारी वाट बघतेय. माझी खात्री झाली, प्रकरण मनातलं आहे.

८ जानेवारी १९३४, सोमवार

नाताळचा दुसरा दिवस. बर्फ गुडघाभर. शाळा बंद, तरी विदाबाई येऊन वर्गातल्या बाज्यावर बोटं चालवत होत्या. पोरांचे दोन गट केलेत म्हणे, एक खोलीच्या या भिंतीला, दुसरा त्या भिंतीला. घोगऱ्या पोरांचा तिसरा गट, त्यात मिल्याना पुढारी. मला तालमीच्या वेळी आत येऊ देत नाहीत. "तुम्ही लाकडं दाराशी ठेवा काका, आत नको." जरा लागलं मनाला. शेगडी माझी आणि आत यायची बंदी मलाच.

पुन्हा टपालाचं विचारलं. मी धीर केला आणि म्हटलं, "बाई, ज्याला यायचं तो येतो. नाही आला तर तो त्या लायकीचा नाही. तुम्हाला छप्पन्न मिळतील."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "छप्पन्न नकोत काका, एकच हवा, आणि तोही महिनाअखेरच्या आत."

घाई झालीय पोरीला.

१६ जानेवारी, मंगळवार

देवा.

व्हरांडा झाडत होतो. हेडमास्तरांच्या खोलीचं दार उघडं. हेडमास्तर म्हणत होते, "तपासनिसांचं उत्तर नाही म्हणजे काय समजायचं? तुम्ही नीट लिहिलं होतं ना?"

विदाबाई म्हणाल्या, "घरी लिहिलं. त्यांनीच सांगितलं होतं, कचेरीत पत्रं ढिगात जातात, घरी टाका, मी दौऱ्यात तुमची शाळा धरीन."

"त्रनावाच शब्दाचा पक्का माणूस. मग त्यांना यायचंच नसेल. त्यांच्या सहीशिवाय पहिल्या तारखेला वर्ग बंद, विदोसावाबाई. माझ्या हातात काही नाही."

झाडू कधी खाली पडला मला कळलं नाही. आवाज ऐकून बाई बाहेर आल्या. "काय झालं काका? बरं नाही का?"

मी म्हटलं, गुडघा.

१७ जानेवारी, बुधवार

सांगितलं नाही. दोनदा वर्गाच्या दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळेला लाकडं ठेवून आलो. शेगडीपाशी आता महिनाभराची लाकडं आहेत.

१८ जानेवारी, गुरुवार

सांगितलं.

पत्र त्यांच्या बाज्यावर ठेवलं. म्हटलं, "हे मी टाकलं नाही. मला वाटलं स्लावेला बोलावणं बरं दिसत नाही. आणि मला वाटलं, तो... तुमचा कुणी..."

विदाबाईंनी पाकीट उलटसुलट केलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"माझा कुणी काय, काका?"

"लग्नाचा."

"वोयीन त्रनावाच? ते एकसष्ट वर्षांचे आहेत! नाकात तपकीर ओढतात!"

हसल्या. हसता हसता त्यांचं रडं निघालं, मग बाज्याच्या झाकणावर डोकं टेकून राहिल्या. मी उभा. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

थोड्या वेळाने म्हणाल्या, "मी रोज विचारत होते तुम्हाला. रोज."

"हो."

"आणि तुम्ही मला म्हणालात, तो लायकीचा नाही."

"म्हणालो."

"आता जा काका. मला मुलांना शिकवायचंय. पहिल्या तारखेपर्यंत अजून माझा वर्ग आहे."

हेडमास्तरांनी लगेच मंत्रालयाला तार केली. माझं नाव त्यांनी कुणाला सांगितलं नाही, बाईंनीच सांगू दिलं नाही, असं कळलं. आघाडीवर असताना माझ्या हातून नको त्या गोष्टी झाल्या, पण इतकी लाज वाटल्याचं आठवत नाही.

१९ जानेवारी, शुक्रवार

तारेचं उत्तर: या महिन्याचा दौरा ठरलेला आहे. बदल नाही.

उद्या सकाळच्या गाडीने मी बेलग्रेडला जाणार. विदाबाईंना सांगितलेलं नाही. हेडमास्तरांकडून दोन दिवसांची रजा घेतली, कारण दिलं गुडघा. गुडघ्यावर बरंच खपतंय सध्या.

२१ जानेवारी, रविवार

आलो परत. सगळं क्रमाने लिहितो.

अंगावर स्लावेचा कोट, पिशवीत राकियाची बाटली, खिशात बाईंचं पत्र. पत्त्यावरची गल्ली विचारत विचारत गेलो. दार उघडलं एका म्हाताऱ्या बाईने, साहेबांची बहीण. तिने काही न विचारता चेरीचा मुरंबा आणि पाण्याचा पेला पुढे केला. बेलग्रेडमध्ये असूनही रीत सोडलेली नाही, म्हणून जरा धीर आला.

वोयीनसाहेब खरंच म्हातारे आहेत. मिशीला तपकीर. मेजावर कार्डांचा ढीग, सोनेरी कडांची, छापील.

"कुठून आलात?"

गावाचं नाव सांगितलं.

"सत्तावीसच्या निमंत्रणासाठी असेल. ठेवा या ढिगात. सत्तावीस तारखेला अकरा शाळांनी बोलावलंय. साऱ्या देशाचा सण एकाच दिवशी आणि मी एकटा. इथल्या मुलींच्या शाळेला शब्द दिलाय, तिथे मंत्रीही येणार आहेत."

मी म्हटलं, "मी निमंत्रण द्यायला आलो नाही, साहेब."

"मग?"

"आमच्यात स्लावेला बोलावत नाहीत. आमचा सण कधी असतो, तेवढं कानावर घालायला आलो. शाळा नदीच्या अलीकडे, स्टेशनापासून सरळ रस्ता, दाराशी लाकडांचा ढीग दिसेल. पोरं अकराला गातात."

ते चष्म्यावरून बघत राहिले. "आणि एवढं सांगायला तुम्ही गाडीने आलात?"

मग सगळं सांगितलं. पत्र, माझा समज, लग्नाचं सुद्धा. लग्नाचं ऐकून आतल्या खोलीतून त्यांची बहीण इतक्या जोरात हसली की बशी पडल्याचा आवाज आला. साहेब हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला. "ते पत्र द्या."

का कोण जाणे, मी खिशावर हात ठेवला. म्हटलं, "ते आता द्यायचं नाही साहेब. दिलं तर बोलावल्यासारखं होईल."

केवढा मूर्खपणा! गाडीत बसल्यावर कळलं. अधिकाऱ्याने मागितलेला कागद शिपायाने नाकारायचा? साहेब एवढंच म्हणाले, "अगदी माझ्या बापासारखे बोलता." ही स्तुती की शिवी, कळलं नाही. निघताना विचारलं, "येणार ना?" तर म्हणाले, "बघू. मंत्री आहेत." राकिया मात्र ठेवून घेतली.

२५ जानेवारी, गुरुवार

काही निरोप नाही. बर्फ थांबत नाही. कालची गाडी चार तास उशिरा आली.

बेलग्रेडला गेल्याचं मी परतल्यावर हेडमास्तरांपाशी कबूल केलं होतं, त्यांनी ते विदाबाईंना सांगितलं. त्या आल्या, माझ्या कोटाची वरची गुंडी सुटली होती ती लावली आणि तालमीला गेल्या. दुपारी वर्गातून "मिल्याना, अजून जोरात! लाजू नकोस, तू दोर आहेस!" असं ऐकू आलं. पोरीला दोर का म्हणतात?

त्यांचं सामान बांधायला सुरुवात झालीय. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून एक पेटी दिसली.

२८ जानेवारी, रविवार

आज शाळा बंद. तरी मी शेगडी पेटवून बसलोय, कारण कालचं इथेच लिहायला हवं.

सकाळी चर्चमधून सगळे शाळेत आले. शंभरावर माणसं असतील. धर्मगुरूंनी पावावर वाइन ओतली, तिहोमीरशेठनी आणि त्यांनी पाव फिरवला, गव्हाच्या प्रसादाचं ताट फिरलं. मग हेडमास्तर थोडं लांबवत भाषण करत राहिले, डोळा दाराकडे. अकरा वाजून गेले. गाडीचा पत्ता नाही. शेठ पुढच्या खुर्चीत बसलेले, गुडघे चोळत. शेवटी विदाबाईच उठल्या. काळा पोशाख, पांढरी कॉलर. म्हणाल्या, "सुरू करू. जे आलेत त्यांच्यासाठी."

मला इतका अभिमान वाटला म्हणून सांगू! वर्ग जातोय हे ठाऊक असताना त्या पोरांसमोर अशा उभ्या राहिल्या की जणू राजाच पुढे बसलाय. मी दाराशी उभा होतो, माझ्या जागी. सणाचा दिवस, टेकणं मनातही आलं नाही.

हात वर झाला. डाव्या भिंतीच्या पोरी गायल्या.

पहिला तुकडा खाली. दुसरा वर चढला. शेवटी एकदम उतरला, पाण्यात घागर सोडावी तसा.

मी भिंत धरली. शब्द नव्हते, माझं नाव नव्हतं, पण ती तीच होती. स्तामेना. मग मधून घोगरी पोरं सुरू झाली, मिल्याना सगळ्यांपुढे. करर, करर, करर. दोर. पाणी कापत नाव निघाली. उजव्या भिंतीची पोरं म्हणजे पाणी. हाक पुन्हा आली, जवळून, आणि दोर जलद झाला. समोरचं मला काही दिसेना. मी आपला दोर ओढत होतो.

शेवटी हाक येते आणि दोर वाजत नाही. सगळं थांबतं. पस्तीस पोरं श्वास धरून उभी. विदाबाईंचा हात हवेत. त्या शांततेत दार करकरलं. बिजागरीला तेल घालायचं राहिलं होतं, चूक माझीच. मागे वळून पाहिलं तर वोयीनसाहेब, टोपीवर बर्फ, मिशीला बर्फ.

पोरं बावरली. शेठ मोठ्याने म्हणाले, "कोण ते? बंद करा दार, खोली गार होतेय!"

साहेबांनी मला हळूच विचारलं, "शेवट झाला?"

"झाला."

ते तसेच पुढे गेले, विदाबाईंसमोर टोपी काढली. "बाई, गाडी बर्फात अडकली. मुलांना आणखी एकदा त्रास देऊ का?"

विदाबाई पोरांकडे वळल्या. त्यांनी नुसता हात वर केला.

दुसऱ्यांदा मी सगळं नीट ऐकलं. साहेबांना खुर्ची दिली तर त्यांनी घेतली नाही, माझ्याशेजारी दाराशी उभे राहिले. आणि पुन्हा ती शेवटची हाक आली, पुन्हा सगळं थांबलं. यावेळी दार बंद होतं. कशाचाच आवाज नव्हता. अठरा वर्षांमागे मी चालत राहिलो होतो ना.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आलो!"

चांगलं मोठ्याने. सगळा हॉल वळला. मला वाटलं, आता जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण विदाबाईंनी हात खाली घेतला तो अगदी हळू, जणू हे त्यांना हवंच होतं. त्यानंतर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आधी शेठनी नाक शिंकरलं, मग टाळ्या.

साहेबांनी वर्गाच्या वहीत तिथल्या तिथे लिहिलं: "वर्ग कायम करावा. रचना इतर शाळांना द्यावी." खाली सही. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अकरा शाळांनी बोलावलं, तिथे नाही गेलो. एकीने बोलावलं नाही, तिथे यावं लागलं. आता तरी द्या माझं पत्र." दिलं. उभ्या उभ्या वाचलं आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

मग पावाचा प्रश्न. पाव अर्धा करून पुढच्या वर्षीच्या यजमानाला द्यायचा असतो. गावातले औषधवाले पुढे सरकले होते, त्यांचं आधीच ठरलं होतं. तिहोमीरशेठ पाव हातात घेऊन उठले आणि थांबले.

"हेडमास्तर, एक सांगा. यजमानाने सणाला बसायचं असतं का?"

"छे, शेठ!"

"मी बसलो होतो. गुडघे धरतात. आणि हा म्हातारा," माझ्याकडे बोट, "सकाळपासून दारात उभा. पाहुणाही त्यानेच आणला. मग यजमान होता कोण?" औषधवाल्यांकडे बघून म्हणाले, "तुम्ही त्याच्या पुढच्या वर्षी. ओब्राद, धर हा. गहू माझ्या गिरणीचा येईल, तोंड वासून उभा राहू नकोस. आणि बाई," विदाबाईंना म्हणाले, "मी डोळे मिटून ऐकलं. उघडे ठेवले असते तर गावासमोर रडलो असतो."

"शेठ, तरी रडलात," विदाबाई म्हणाल्या.

"तपकीर गेली नाकात. या बेलग्रेडवाल्याची."

अर्धा पाव मी घेतला. व्यापारी, डॉक्टर, गिरणीवाले यांच्या हातातून दरवर्षी फिरलेला तो पाव. माझे हात लाकडाच्या काळ्या रेषांचे.

सगळे गेले. विदाबाईंची पेटी उघडून वस्त्रं परत कपाटात गेली, हे मी खिडकीतून पाहिलं. नंतर त्या हॉलमध्ये आल्या, गाण्याचा कागद माझ्यापुढे धरला. वर लिहिलेलं, स्तामेनाची हाक. खाली त्यांचं नाव, पूर्ण, विदोसावा. शेवटी, जिथे कुणीच काही गात नाही तिथे एक रिकामी जागा सोडलेली होती. त्या जागेत आता पेन्सिलने लिहिलं होतं: दारातून एक आवाज, "आलो."

"छापताना हे असंच जाईल," त्या म्हणाल्या.

"मला स्वर येत नाही, बाई."

"मी कुठे स्वर लिहिलाय? पाहा नीट."

खरंच नव्हता लिहिलेला.

त्या गेल्यावर मी पहिलीच्या बाकावर बसलो. आखूड बाक, गुडघे छातीशी येतात. सकाळपासून पाय दुखत नव्हते, ते तेव्हा दुखायला लागले. पाव मांडीवर होता. आज तो घेऊन पूल ओलांडून पलीकडच्या दफनभूमीत जायचंय. तिला सांगायचंय, उशीर झाला, पण ओ दिली.